शंभराचे बासष्ट

३ मार्च

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. अठ्ठावन्न वर्षांच्या बाप्याला चिरंजीव लिहिताना हसू येतं, पण तू माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहेस आणि राहणार, त्याला इलाज नाही.

पत्र पाहून दचकू नकोस. माझं सगळं ठीक आहे. फोन केला असता, पण फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं आणि चौथ्याला कुणीतरी ठेवून देतं. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं.

काम असं, की यांची गाडी विकायची आहे. हे जाऊन आता दीड वर्ष झालं. ती खाली शेडमध्ये उभी आहे, गर्द हिरवी, दोन दारांची, आठ सिलिंडरची, एकतीस-बत्तीस हजार किलोमीटर चाललेली, जिला सगळे मसल कार म्हणतात आणि मी सवत म्हणत असे. एकतीस वर्षं लोकांच्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करत या माणसाने फक्त वर-खाली प्रवास केला. निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर म्हणाले, आता पुढे जायचं आणि जोरात जायचं. तेव्हा मी तोंड उघडलं नाही. आता ही न चालणारी गाडीसुद्धा खर्च मागते. विमावाल्याने विचारलं कोण चालवतं, मी सांगितलं कुणीच नाही, मला चालवताच येत नाही. तरी हप्ता वाढवून पाठवला, म्हणे इतक्या ताकदीच्या गाडीचा असाच असतो. लेक शनिवारी परदेशातून दहा मिनिटं फोन करते, त्यातली पाच मिनिटं गाडी विक, गाडी विक यातच जातात.

तू लिलावाच्या यार्डात जुन्या गाड्यांच्या किमती काढतोस, बावीस वर्षं तेच करतोस. तेव्हा किंमत सांग. जुनं मी उकरून काढत नाही. गाडी घेतली त्या दिवशी चार लोकांदेखत तू आपल्या कामाच्या कार्डाच्या पाठीमागे ‘पाच वर्षांनी शंभराचे चाळीस’ असं लिहून यांच्या हातात ठेवलंस आणि तुमचं बोलणं जे तुटलं ते तुटलंच. यांच्या अंत्यविधीला आलास तोही मागे उभा राहिलास आणि पुढच्या बसने गेलास. शेडकडे तू मान वळवून पाहिलं नाहीस, हे मी त्या गर्दीतही पाहिलं. असो. म्हटलं ना, उकरत नाही.

उत्तर लवकर दे. माया आहे, ती मी काढून घेतलेली नाही.

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण गुडघ्यांची परवानगी नाही. साधाच घे.

तुझं अक्षर पाकिटावर पाहिलं तेव्हा आधी हात धुऊन आलो. आमच्याकडे हात कायम ग्रीसचे असतात म्हणून, दुसरं काही समजू नकोस.

किमतीचं सांगतो. आमच्या धंद्यात पैशांत बोलत नाहीत, शंभरात बोलतात. शोरूममधली कोरी गाडी म्हणजे शंभर. फाटकाबाहेर पडली की पंच्याऐंशी, कुणी तिच्यात शिंकलं नसलं तरी. पुढे साधी घरगुती गाडी जिना उतरल्यासारखी एकेक पायरी उतरते. या दांडग्या गाड्या मात्र धाडकन उतरतात. कारण घेणारा इंजिनाच्या आवाजावर भाळतो आणि घरी जाऊन हिशेब मांडतो : पेट्रोल दुप्पट, मागचे रुंद टायर वीस हजार किलोमीटरला गुळगुळीत, ब्रेक साध्या गाडीच्या तिप्पट महाग, विमा तर तू पाहिलासच. गाडी घेण्याचे पैसे पुष्कळांकडे असतात, बाळगण्याचे थोड्यांकडे. माझ्याकडे अशा गाड्या विकायला पुरुष फारसे येतच नाहीत. बायका येतात, लेकी येतात.

तरी एक गोष्ट मला गिळावी लागते आहे. कंपनीने दोन वर्षांपूर्वी ते आठ सिलिंडरचं इंजिन बंद केलं. आता तसं नवं मिळत नाही म्हणून जुन्यांवर उड्या पडतात. एकतीस-बत्तीस हजार चाललेली, एका हातची, मूळ रंगाची गाडी आज शंभराचे बासष्ट आणते. माझे चाळीस चुकले. भावोजी असते तर हे वाक्य त्यांनी चौकटीत लावून घेतलं असतं.

जाहिरात पासष्टची दे आणि बासष्टला सोड, पंधरा दिवसांत जाईल. कुणी बघायला येणार असेल तर आधी इंजिन चालू करून ठेवू नकोस. जाणकार माणूस गार इंजिन मागतो; आधीच तापवून ठेवलेलं दिसलं की त्याला संशय येतो. आणि एक काम कर. काडेपेटीतली काडी मागच्या टायरच्या खाचेत उभी घाल, किती बुडते ते कळव. त्याशिवाय बासष्ट पक्के म्हणता येत नाहीत.

तुझ्या मायेची पोच या पत्राने देत आहे.

बारक्या

२९ मार्च

चि. बारक्यास,

आशीर्वाद, आणि काडी निम्मी बुडते. शेडमध्ये टायरपाशी मी उकिडवी बसले होते तेव्हा समोरच्या बिऱ्हाडातली खिडकीतून पाहत होती. तिला काय वाटलं असेल देव जाणे.

जाहिरात दिली. रविवारी दोन ते पाच अशी वेळ टाकली. किंमत सत्तर लावली, कारण घासाघीस करणाराला चार पावलं मागे यायला जागा हवी. पहिल्याच रविवारी पाच जण आले. तुला तर ठाऊक आहे, मी आयुष्यभर लोकांचे कपडे उसवून पुन्हा शिवले, माणूस मला आधी शिवणीत दिसतो. पहिला आला तो पाववाला. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि दुमडीत पीठ. गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि हात मागे बांधून उभा राहिला, जणू ती भाजेल. दुसरा एका वकिलाकडचा कारकून. चांगल्या कोटासकट सरळ गाडीखाली घुसला. बाहेर आला तो अस्तर टरकलेलं. मी सुईदोरा घेऊन खाली आले आणि तो तेलाबद्दल विचारत असताना अस्तर शिवून टाकलं. एक नवराबायको होती, तिला गाडी नको होती आणि त्याला ती सोडून दुसरं काही नको होतं. तिच्याशी माझं चांगलं जमलं.

सगळ्यांना गार इंजिन ऐकायचं होतं, तू म्हणालास तसंच. किल्ली फिरवायची मी शिकले आहे. बारक्या, पहिल्यांदा ती गरजली तेव्हा वर स्वयंपाकघरातल्या बरण्या वाजल्या. हे गाडी बाहेर काढत तेव्हा अश्शाच वाजायच्या आणि मी वरून ओरडायची. या वेळी ओरडायला मी वर नव्हते, आणि बरण्या आपल्या वाजत राहिल्या. मला रडू आलं. पाववाल्याला वाटलं धूर डोळ्यांत गेला, त्याने शेडचं दार पूर्ण उघडलं.

सगळे म्हणाले किंमत जास्त आहे. सगळ्यांनी चहा घेतला. जिन्यावरून ट्रे सांभाळत उतरताना कुणीतरी पुढे होऊन धरायचं. पाच वाजून गेले तरी दोघं शेडमध्येच गप्पा मारत उभे होते.

तुझी यार्डावरची खोली अजून तशीच का? वरच्या खिडकीतून अजून गाड्याच दिसतात का? जेवतोस का वेळेवर? माझी आठवण या पत्राच्या घडीत घातली आहे, उघडताना सांडू नकोस.

ताई

६ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार. गुडघे जैसे थे.

सत्तर म्हणजे काय? मी तुला पासष्ट लिहिलं होतं. मागच्या मंगळवारी तशीच गाडी, तुझ्या गाडीहून चार हजार कमी चाललेली, माझ्या डोळ्यांसमोर एकसष्टला गेली. सत्तरला लोक फक्त बघायला येतात. उभी गाडी फुकट उभी राहत नाही. बॅटरी बसते, टायर एका जागी चपटे होतात, विम्याचे दिवस भरत जातात. दर महिन्याला शंभरातला अर्धा तरी गळतो असं धर. आणि येणाऱ्या प्रत्येकाचं अस्तर शिवत बसलीस तर दोऱ्याचा खर्च वेगळा.

खोली तशीच आहे. खिडकीतून तीनशे गाड्या दिसतात, एकही माझी नाही. मी बसने फिरतो. दिवसभर किमती सांगून झाल्यावर गाडी बाळगायची हिंमत होत नाही, प्रत्येक खड्ड्यात आकडा घसरताना ऐकू येईल. जेवण वेळेवर होतं, कारण दुसरं काही वेळेवर करायचं नसतं. रविवारी यार्ड बंद असतं. ओळखीचे लोक रविवारी फोन करतात, अमुक गाडीचं किती येईल विचारतात, मी सांगतो, ते बरं म्हणून ठेवतात. एका रविवारी मी मोजले, सहा फोन होते आणि सगळे मिळून अकरा मिनिटं झाली.

आता नीट ऐक. अडुसष्टही नको, पासष्टच लाव. आणि एक विचारायचं राहिलं. भावोजी लिफ्टच्या प्रत्येक भेटीची नोंद करायचे, तारीख, आकडा, कारण, काय केलं. गाडीचीही वही ठेवली असणार. मालकाच्या हाताची नोंदवही असली की घेणाऱ्याचा विश्वास बसतो, किमतीत सहज दोन वाढतात. ती शोध आणि कळव.

तुझी आठवण सांडली नाही, जपून उघडली.

बारक्या

२७ एप्रिल

चि. बारक्यास,

आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला, कारण मी कामात होते. हो, सहासष्टाव्या वर्षी मलाही कामं असतात!

किंमत चौऱ्याहत्तर केली. तूच लिहिलंस की इंजिन बंद झालं आणि उड्या पडतात, मग वाढायलाच हवी ना. तरी लोक येतातच. कारकून आता दर रविवारी येतो, गाडी घेणार नाही हे त्याने कबूलही केलं, पण म्हणतो आवाज ऐकल्याशिवाय त्याचा आठवडा सुरू होत नाही. ती गाडी नको असलेली बायको नवऱ्याला घेऊन पुन्हा आली आणि तिने माझ्याकडून काज करायला शिकून घेतलं. एक दाताच्या कवळ्या बनवणारा येतो, तो गाडीच्या पुढच्या जाळीकडे पाहून म्हणाला की हिचे दात सुरेख आहेत. मी सहा कप नवीन आणले, जुने दोनच राहिले होते, उरलेले यांनी फोडले.

पाववाला तीनदा आला. तिसऱ्यांदा सहासष्ट देतो म्हणाला, रोख. मी नाही म्हटलं. तो मागचं धुराडं बदलून आणखी आवाज करणार असं त्याच्या बोलण्यावरून वाटलं, आणि ते यांना आवडलं नसतं. शिवाय त्याच्याकडे शेड नाही. म्हणजे आहे, पण लहान आहे. तो म्हणाला पुढच्या रविवारी पुन्हा येऊन बघू का? मी बघ म्हटलं.

वही मिळाली नाही. असलीच तर डॅशबोर्डच्या खणात असेल, आणि तो खण मी उघडलेला नाही. यांचा चष्मा तिथेच असायचा.

सोमवारी इथे फार शांत असतं. मंगळवारीही. बुधवारपासून मी शेड झाडायला लागते. विस्मरण होऊ देऊ नकोस, एवढंच मागते.

ताई

४ मे

ती. ताईस,

नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मी बासष्ट सांगितले, पाववाला सहासष्ट रोख द्यायला तयार झाला आणि तू त्याला शेड लहान म्हणून परत पाठवलंस. बावीस वर्षांत मी जास्त किंमत लावणारे तीन प्रकारचे लोक पाहिले. एकाला बाजार ठाऊक नसतो. दुसऱ्याला हाव असते. तिसऱ्याला विकायचंच नसतं. तू अडाणी नाहीस आणि हावरट तर मुळीच नाहीस.

ताई, विकायला काढलेल्या गाडीसाठी कुणी सहा कप आणत नाही. तू गाडी विकत नाहीस, रविवार विकत घेते आहेस, आणि त्याचा हप्ता विमावाल्याला भरते आहेस. मी किंमत काढणारा माणूस आहे, म्हणून सरळ सांगतो : तुझा प्रत्येक रविवार तुला महिन्याच्या किराण्याएवढा पडतो. आणि हे लोक तुझे नव्हेत. कारकून आवाजासाठी येतो, पाववाला गाडीसाठी. ती शेडमधून गेली की पुढच्या रविवारी जिन्यावर ट्रे धरायला कुणी असणार नाही. हे आज ना उद्या होणारच आहे. उगाच जितकं लांबवशील तितकं जड जाईल. पासष्ट लाव. पाववाल्याला बोलाव.

दुसऱ्या किल्लीचं विचारायचं राहिलं. ती आहे का? नसली तर एक कमी होतो.

कठोर लिहिलं असेल तर लहान समजून पोटात घाल.

बारक्या

२० मे

चि. बारक्यास,

आशीर्वाद देते, पण सांभाळून वापर, आत्ता माझ्याकडे थोडेच आहेत.

गाडी विकली. गुरुवारी पाववाला घेऊन गेला. तुझं पत्र आलं त्या दिवशी मला इतका राग आला, की त्याला फोन करून सांगितलं, तुझे सहासष्टही नकोत, माझा भाऊ मोठा जाणकार आहे, तो म्हणतो बासष्ट. तो बिचारा गोंधळला. विकायला बसलेल्या माणसानेच कमी मागावं असं त्याने पाहिलं नसणार.

गाडी द्यायची म्हणून शेवटी खण उघडला. चष्मा होता. आणि वही होती. तू म्हणालास तशीच, लिफ्टच्या कार्डासारखे रकाने आखलेली : तारीख, आकडा, कारण, काय केलं. पेट्रोल, हवा, तेल, मला बाजारात सोडलं, लेकीला विमानतळावर पोचवलं. पहिल्या पानावर तुझं ते कार्ड चिकटवलेलं, ‘पाच वर्षांनी शंभराचे चाळीस’. त्याच्या खाली यांच्या अक्षरात एकच ओळ आहे, ‘मेहुणा चुकला तर खानावळीत नेऊन त्याला जेवू घालणे, बरोबर निघाला तरीही घालणे.’

पुढे ऐक. तुझं यार्ड माझ्या घरापासून एकशे सहा किलोमीटर आहे ना? वहीत तीन ठिकाणी दोनशे बाराची फेरी आहे. एक गाडी घेतल्याच्या दुसऱ्या वर्षी, एक तिसऱ्या वर्षी, आणि एक ते जायच्या दोन महिने आधी. तिन्ही वेळी मला सांगितलं होतं की टायरवाल्याकडे जाऊन येतो. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, ‘मेहुण्याला गाडीत बसवून एक फेरी मारणे.’ काय केलं त्या रकान्यात, ‘फाटकापर्यंत. परत.’ तिसऱ्यांदाही तेच शब्द. मी ते पान घेऊन गाडीतच बसून राहिले. मला कुणी सांगितलं नाही रे. तुमच्या दोघांच्या अढीत मी सहा वर्षं एकटी होते आणि मला वाटायचं गाडी माझी सवत आहे.

वही मी दिली नाही. पाववाल्याला सांगितलं, वहीचे दोन कमी कर. साठला गेली. तुझं दुसऱ्या किल्लीचं उत्तर : ती होती, दिली.

आणि किल्लीवरून आठवलं. मलाही थोडं मोजता येतं. काडी एका पत्रात, वही दुसऱ्या पत्रात, किल्ली तिसऱ्यात. बावीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाला पहिल्याच पत्रात सगळं विचारता येत नाही? तू एकेक प्रश्न मागे ठेवत होतास, म्हणजे मला पुन्हा लिहावं लागेल. मी रविवार विकत घेत होते, खरं आहे. तू काय करत होतास ते तूच सांग.

परवा रविवार होता. जाहिरात काढली आहे, कुणी येणार नाही हे ठाऊक होतं. तरी दोन वाजता शेड उघडली. जमिनीवर तेलाचा डाग आहे आणि टायरच्या चार जागा स्वच्छ आहेत. तू लिहिलंस तसंच झालं, अगदी शंभर टक्के, तेव्हा समाधान मान. पाच वाजता दार लावून वर आले. नवे कप धुवायचे नव्हते, तरी धुतले.

याहून अधिक लिहवत नाही.

ताई

२४ मे

ती. ताईस,

या वेळी साष्टांग नमस्कार, गुडघे काहीही म्हणोत.

प्रश्नांचं तू धरलंस ते खरं. सगळं पहिल्याच दिवशी विचारता आलं असतं, पण मग तुझं एकच पत्र आलं असतं. अजून चार प्रश्न मी लिहून ठेवले होते, काचेवरचा नंबर, चटया, जॅक आणि एक आता आठवत नाही. रविवारच्या फोनवाल्यांना मी नावं ठेवली आणि तुझ्याशी तेच केलं, किंमत सांगायच्या निमित्ताने बोललो. तुझे लोक तुझे नाहीत असं लिहिलं ते मत्सराने लिहिलं. त्यांना तू चहा देत होतीस. मला सहा वर्षांत कुणी दिला नव्हता, आणि मागायला तोंड नव्हतं.

आता जे लिहितो ते फोनवर सांगितलं असतं तर तू ठेवून दिला असतास, म्हणून पत्राचे उपकार.

त्या तीन फेऱ्यांपैकी मधली मला ठाऊक आहे. शनिवारची दुपार होती. खिडकीत चहा घेत उभा होतो. फाटकाबाहेर गर्द हिरवी गाडी येऊन थांबली. तसा आवाज आमच्या यार्डात रोज येत नाही, मी वाकून पाहिलं. भावोजींनी काच खाली केली होती आणि कोपर बाहेर काढला होता, लिफ्टच्या पिंजऱ्यावर टेकवायचे तसाच. इंजिन चालूच होतं. मी काय केलं सांगू? सवयीने किंमत काढली. दोन वर्षं जुनी, एका हातची, रंग चांगला, अठ्ठावन्न. मग ठरवलं, मला दाखवायला आणली आहे, बघ अजून किती चकाकते म्हणून टोचायला आणली आहे. पडदा ओढला. पंधरा-वीस मिनिटं इंजिनाचा आवाज येत होता. मी चहा संपवला, कप धुतला, पालथा घातला, आणि आवाज गेल्यावर पडदा उघडला. पन्नासच पायऱ्या आहेत, ताई. मी उतरलो नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत होतो की ते दुसरेच कुणी असतील.

ते जेवू घालणार होते हे मला काल कळलं. तुझं पत्र मी यार्डात सगळ्यांसमोर उघडलं आणि आत जाऊन बसावं लागलं. लोकांना सांगितलं, डोळ्यात ग्रीस गेलं.

वहीचे दोन कमी घेतलेस, फार चांगलं केलंस. तिची किंमत मला विचारू नकोस, ती मला काढता येणार नाही.

उद्याचा सोडून पुढच्या रविवारी येतो आहे. सकाळची बस दीड वाजता तुझ्या कोपऱ्यावर पोचते, म्हणजे दोनच्या आत शेडपाशी असेन. घ्यायला काही नाही, विकायला काही नाही. अस्तर टरकलेला एक कोट घालून येईन, म्हणजे तुला हाताला काम होईल. भावोजी माझ्या फाटकाशी तीनदा उभे राहिले; मलाही आपणहून जिना चढायचा धीर होणार नाही, तेव्हा मीही आधी बाहेरच उभा राहीन. शेडचं दार बंद असेल तर हाक मारणार नाही, वाट बघेन. तू तेवढी खाली उतर.

तुझा
बारक्या